खो-खो सोडू नका, पहाटेची प्रॅक्टिस सोडा

रत्नागिरी तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत, घरात तिला सगळे बाय म्हणतात. दीड वर्षापासून खो-खो खेळते आणि छान खेळते. पहाटे साडेपाच ते सात आणि परत संध्याकाळी पाच ते सात, आठवड्यातले सहा दिवस, वर रविवारी सकाळी मॅच. सर म्हणतात पोरीत दम आहे, चौदा वर्षांखालच्या टीमसाठी आत्तापासून तयार करायला हवी, आत्ता ढिलं सोडलं तर मागे पडेल. मिस्टरांचंही तेच म्हणणं, ते कॉलेजात कबड्डी खेळायचे आणि घरच्या हापूसच्या बागेपायी त्यांचा खेळ सुटला. सासूबाई म्हणतात पोर उन्हात काळी पडली, हातपाय मोडून घेतले तर पुढे काय. आणि गेला महिनाभर बायच्या दोन्ही टाचा दुखतायत, सकाळी उठली की अंगणात पुढच्या पंजावर चालत उतरते, पण "सरांना सांगू नको हां, ते मला टीममधनं काढतील" असं आईला बजावते. हल्ली पहाटे निघताना पोटात दुखतं म्हणते. ताई विचारतात, खेळ चालू ठेवू की बंद करू?

ताई, बंद अजिबात करू नका, पण आत्ता जसा चाललाय तसा चालूही ठेवू नका. सविस्तर सांगते, पण आधी टाच, कारण तिच्यात उशीर चालणार नाही.

या वयात पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांच्या टाचा दुखण्याचं एक फार कॉमन कारण आहे, डॉक्टर त्याला सिव्हर्स म्हणतात. साधारण आठ ते चौदा या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या बाजूला अजून कूर्चेचा एक पट्टा असतो, हाड वाढतं ते तिथून, त्यालाच ग्रोथ प्लेट म्हणतात, आणि पोटरीचा जाड स्नायूबंध बरोब्बर त्याच जागी येऊन चिकटलेला असतो. मूल भराभर उंच होत असतं तेव्हा हाड आधी वाढतं आणि पोटरी मागे राहते, मग ती ताणलेली पोटरी प्रत्येक स्टार्टला, प्रत्येक वळणाला त्या कच्च्या जागेला ओढत राहते. आणि खो-खोत दुसरं काय असतं हो, चौकात दबून बसायचं, खो मिळाला की बसल्या जागेवरनं सुटायचं, खांबापाशी गर्रकन वळायचं, परत पळायचं. त्यात आपलं ग्राउंड जांभ्याचं, दिवाळीनंतर लाल माती वाळून सिमेंटसारखी होते, आणि पोरं अनवाणी.

घरी एवढं करून बघा. बायला पलंगावर बसवा आणि टाच मागनं दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून हलकी दाबा, खालून तळव्याकडनं नाही, दोन्ही कडांनी. ती "आई गं" करून पाय ओढून घेते का बघा. मग तिला भिंतीकडे तोंड करून, टाच जमिनीला टेकवून पुढे वाकायला सांगा, पोटरी आखडली असेल तर लगेच कळतं. तसं असेल तर बहुतेक हेच असणार, पण तरीही हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच, घरच्या घरी ठरवू नका. सूज आली असेल, रात्री झोपेतून दुखून उठत असेल, ताप असेल, किंवा दुखणं एकाच पायात आणि उडी मारल्यावर अचानक सुरू झालं असेल, तर मग या आठवड्यातच न्या.

धीराची गोष्ट म्हणजे सिव्हर्सने पाय कायमचा खराब होत नाही, वाढ पूर्ण झाली की तो पट्टा हाडात मिसळून जातो आणि दुखणं जातं. पण तोवर लंगडत पळवायचं नाही. लंगडत असेल त्या दिवशी ग्राउंड नाही, हा नियम सरांनाही लागू आणि बाबांनाही. खेळून आल्यावर टाचेला कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, पोटरीचं स्ट्रेचिंग रोज, आणि चालता-फिरताना टाचेखाली जरा जाड सोल असलेले बूट, डॉक्टर कदाचित टाचेखाली घालायची मऊ गादी देतील. पायाला धक्का न बसणारं काहीही चालतं, सायकल चालवू दे, पोहू दे. बाम चोळून आणि पेनकिलर देऊन मॅचला उभं करणं मात्र नको, मी हे कितीतरी ग्राउंडवर बघते आणि जीव तुटतो, कारण दुखणं म्हणजे त्या पोराच्या शरीराने हात वर केलेला असतो आणि आपणच तो खाली दाबतो.

आता मुख्य विषय, तास. तुम्ही लिहिलेली वेळ मी मांडून बघितली, रोजचे साडेतीन तास, सहा दिवसांचे २१, रविवारची मॅच वेगळीच. मुलांच्या खेळातल्या दुखापतींवर काम करणाऱ्या डॉक्टरांचा एक सोपा हिशोब आहे, की आठवड्याला जितके तास शिस्तीतला सराव तो मुलाच्या वयापेक्षा जास्त नको. नऊ वर्षांच्या मुलीला नऊ तास. बाय त्याच्या दुपटीच्याही पुढे आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये याच विषयावर जे मार्गदर्शन दिलं त्यात आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, वर्षभरात एकेक महिना करून एकूण तीन महिने त्या खेळातून बाहेर, आणि एकाच खेळाला वाहून घेणं शक्यतो पंधरा-सोळापर्यंत लांबवा असं म्हटलंय. कुणाला वाटेल परदेशातली फॅडं आहेत, पण हाड इथलं काय नि तिथलं काय, वाढतं त्याच पद्धतीने.

आणि झोप! तुम्ही सहज लिहून गेलात की पावणेपाचला उठते आणि अभ्यास करून झोपायला दहा वाजतात, म्हणजे पावणेसात तास, तेही पडल्या पडल्या डोळा लागला तर. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. दिवसभर जे शिकलं ते डोक्यात पक्कं बसतं झोपेत, दमलेले स्नायू दुरुस्त होतात तेही झोपेत, म्हणजे पहाटेची प्रॅक्टिस घ्यायला आपण तिची तीच गोष्ट काढून घेतोय जिच्या जोरावर संध्याकाळची प्रॅक्टिस अंगी लागणार. म्हणून माझं स्पष्ट मत, पहाटेची पूर्ण बंद. थोडी कमी नाही, आठवड्यातून दोनदा नाही, बंद. पहाटे पोटात दुखतं म्हणते ना, ते नाटक नाहीये, पण एकदा डॉक्टरांना तेही सांगा. मुलं टेन्शन आलंय असं सांगत नाहीत, त्यांचं पोट दुखतं.

एवढं वाचून सासूबाई म्हणतील बघ मी म्हणत होते. तर त्यांनाही सांगा, खेळ बंद करण्यात तिचं जास्त नुकसान आहे. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी एक तास तरी दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडांना-स्नायूंना ताकद देणारी. हाडाला उड्या आणि धावणं लागतंच, वयात यायच्या आधीच्या वर्षांत ते मिळालं तर हाड जास्त भरतं, लहानपणापासून टेनिस खेळलेल्या बायकांच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा स्पष्ट जाड निघतं ते त्यामुळेच. आणि नुसत्या हाडाचं काय घेऊन बसलात, तुम्हीच लिहिलंय की दीड वर्षापूर्वी पाहुणे आले की दाराआड लपणारी पोर आता जोरात "खो" देते, आजूबाजूच्या वाडीतल्या मैत्रिणी झाल्यात, हरून आली की थोडं रडते आणि जेवायला बसते. हे शाळेच्या बाकावर बसून येत नाही. काळी पडण्याचं तर मनातही आणू नका, रंगासाठी पोरीला घरात बसवण्याइतकं वाईट कारण दुसरं नाही. खो-खो हा या वयाला मुळात फार चांगला खेळ आहे, पळणं, हुलकावणी, क्षणात ठरवणं, आणि नऊ जणींनी मिळून खेळणं, आठ बसलेल्या आणि एक पाठीवर, एकटीने कुणाला मोठं होता येत नाही. दोष खेळाचा नाही, डोस कुणीतरी मोठ्या माणसाचा देतंय.

मिस्टरांशी बोलणं तुम्हाला सगळ्यात जड जाणार याची कल्पना आहे. त्यांना वाईट ठरवू नका, ज्याचा खेळ अर्ध्यात सुटला त्या माणसाला पोर ग्राउंडवर बघून काय वाटत असेल ते खेळलेल्यालाच कळतं. पण त्यांचे जे मुद्दे तुम्ही लिहिलेत त्यांना उत्तरं आहेत. पहिला, सचिन. सगळेच आईबाप सचिनचं नाव घेतात. सचिन आचरेकर सरांकडे गेला तेव्हा अकरा वर्षांचा होता, त्याच्या आधी तो सोसायटीत गल्ली क्रिकेट खेळणारा आणि टेनिसचं वेड असलेला मुलगा होता. (आचरेकर सर आपल्या मालवणचे, म्हणून हे नीट माहीत हवं.) नीरज चोप्रा पानिपतच्या स्टेडियममध्ये गेला तो वजन उतरवायला, भाला हातात घेतला तोवर नऊ वर्षांचा नव्हता. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला पॅरिसला २०२४ मध्ये नेमबाजीत ऑलिंपिक ब्राँझ मिळालं, तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला २००९ मध्ये, म्हणजे तेरा-चौदाव्या वर्षी. जिम्नॅस्टिक्ससारखे काही खेळ लवकर सुरू करावे लागतात हे खरं, पण तिथेही मुलींना ज्या वर्षी सोळा पूर्ण होणार त्या वर्षाच्या आधी सीनियर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरू द्यायचं नाही हा नियम १९९७ पासून आहे, का आणला असेल तो विचारा त्यांना. खो-खो त्यातला नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, आपल्या महिलांनी नेपाळला हरवून जिंकला, त्यात नऊ-दहा वर्षांची कुणी नव्हती. आणि उलट्या टोकाचं उदाहरण पण आपल्याच देशातलं आहे, २००६ मध्ये ओडिशात बुधिया सिंग नावाच्या चार वर्षांच्या मुलाला पुरीहून भुवनेश्वरला ६५ किलोमीटर पळवलं, देशभर कौतुक झालं, मग सरकारने त्याचं लांब पळणं थांबवलं, आणि ज्या मॅरेथॉनची स्वप्नं त्याच्या नावावर सगळ्यांनी बघितली ती पुढे झाली नाही.

दुसरा मुद्दा, सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण. आहे ते, आणि कोकणातल्या घराला त्याचा मोह पडणं चूक नाही. पण ते मिळतं पुढच्या वयात, ठरावीक स्तरावरच्या स्पर्धांमधल्या कामगिरीवर. नऊ वर्षांच्या वयात जिंकलेल्या ढालीला तिथे कुणी विचारत नाही. शालेय स्पर्धांचे गट चौदा, सतरा आणि एकोणीसखालचे, म्हणजे नुसत्या पहिल्या गटातच बाय अजून चार-पाच वर्षं खेळू शकते. घाई कसली आहे? तिला सतराव्या वर्षी ग्राउंडवर बघायची असेल तर आज तिच्या टाचा आणि तिची हौस दोन्ही शाबूत राहायला हव्यात. मिस्टर बागायतदार आहेत ना, नवीन कलम लावल्यावर पहिली काही वर्षं मोहोर आला तरी ते खुडूनच टाकत असतील, झाड आधी पोसू दे म्हणून. तेवढंच विचारा त्यांना, पुढचं त्यांना सांगावं लागणार नाही.

अजून एक, सर म्हणतात पोरीत दम आहे ते खरंच असेल, पण नऊ-दहा वर्षांच्या मुलांमध्ये कोण पुढे जाणार हे ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. ज्या मुलीची वाढ लवकर झाली ती आज उंच आणि जोरकस दिसते, दोन वर्षांनी बाकीच्या तिला गाठतात, मग जिला "स्टार" म्हणून डोक्यावर घेतलं तीच आधी सोडून जाते. आणि जी आज बारकी म्हणून मागच्या चौकात बसते तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. हे सरांनी पण मनावर घ्यायला हवं.

मग करायचं काय? पाय बरा होईपर्यंत पळणं पूर्ण बंद, किती दिवस ते डॉक्टर सांगतील. त्यानंतर खो-खो आठवड्यातून तीन दिवस, फक्त संध्याकाळी, दीड तास, आणि दुखलं नाही तर हळूहळू चार दिवस. मॅच असेल त्या आठवड्यात एक प्रॅक्टिस कमी. रविवार शक्यतो मोकळा ठेवा, निदान एक आड एक तरी. बाकीच्या संध्याकाळी तिला सोडून द्या, लगोरी, विटीदांडू, डबा ऐसपैस, झाडावर चढणं, पऱ्ह्यात डुंबणं (मोठं माणूस बरोबर असेल तरच), ज्यात शिट्टी नाही आणि सर नाहीत असं काहीही. हे वेळ वाया घालवणं नाही बरं का, शिस्तीतल्या सरावाचे तास मोकळ्या खेळाच्या दुपटीपेक्षा जास्त नकोत असंही ते डॉक्टर सांगतात, वेगवेगळ्या हालचालींनी वेगवेगळे स्नायू तयार होतात आणि एकाच जागेवर सारखा मार बसत नाही. सुट्टीचे महिने तर आपल्याकडे आयते आहेत, मे महिन्यात मुंबईची भावंडं येतात तेव्हा उन्हाळी शिबिराला पाठवू नका, आणि पावसात ग्राउंडचा चिखल झाला की हॉल शोधत फिरू नका.

खाण्याचं थोडक्यात. चहा-बिस्किटावर पोर पळायला जाते ते आधी बंद करा. शाळेतून आली की नाचणीची भाकरी नाहीतर पेज, एखादं केळं, खेळून आल्यावर भात-आमटी आणि बांगडा-तारली जे घरात असेल ते, नाहीतर कुळथाची पिठी, अंडं. पावडरचे डबे लागत नाहीत. आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकत नाही त्यामुळे अंग लवकर तापतं, म्हणून पाण्याची बाटली ग्राउंडवर हवी आणि "मध्ये पाणी प्यायचं नाही" हा जुना नियम कुणी लावत असेल तर तो मोडायचा. पुढे वयात येताना पाळी सुरू व्हायला फार उशीर झाला किंवा येऊन थांबली तर खेळामुळे असेल म्हणून सोडून देऊ नका, पोटात जातंय त्यापेक्षा जास्त खर्च होतंय याची ती खूण असू शकते, तेव्हाही डॉक्टर.

आता सरांकडे जाणं. एकट्या जाऊ नका, मिस्टरांना घेऊन जा, आणि बायला बरोबर न्या. तिच्यासमोर सरांना सांगा की टाच दुखतेय, डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय, आणि ती खेळ सोडत नाहीये. मुद्दाम तिच्यासमोर, कारण महिनाभर ती जे लपवत होती ते उघड बोलल्यावर काही कोसळत नाही हे तिला बघायला मिळायला हवं, एकदा हे बघितलं की पुढच्या दुखण्याला ती आपणहून सांगेल. डॉक्टरांचा कागद जवळ ठेवा. उशीर झाला की जास्तीचे राउंड मारायला लावतात असं लिहिलंयत, तेही शांतपणे काढा, पळणं ही शिक्षा झाली की मुलाला पळण्याचाच राग येतो. ओरडण्यापर्यंत ठीक आहे, पण हात उगारला, एकट्या मुलीला थांबवून घेतलं, बाहेरगावच्या स्पर्धेला बाईमाणूस बरोबर न घेता नेलं, असं काही कानावर आलं तर चर्चा नको, तिथूनच परत आणा, आणि गरज पडली तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे.

बरेचसे सर चांगले असतात हो, स्वतःच्या खिशातून पोरांना वडापाव देणारे, त्यांनाही कुणी हे तासांचं गणित नीट सांगितलेलं नसतं. तुमचे सर तसले असतील तर पहिल्यांदा नाराज होतील आणि दोन दिवसांनी ऐकतील. आणि नाहीच ऐकलं, "मग टीमचं विसरा" म्हणाले, तर ग्राउंड बदला. आपल्या जिल्ह्यात खो-खो शिकवणाऱ्या शाळा आणि मंडळं भरपूर आहेत, आठवड्यातून तीन दिवसच जायचं असेल तर एसटीने दुसऱ्या गावाला जाणंही जमण्यासारखं आहे. दुखऱ्या टाचेवर नऊ वर्षांच्या मुलीला पळवणाऱ्या माणसाकडे मात्र, तो कितीही ढाली जिंकून देत असला तरी, बायला ठेवू नका.